चपळ पाय आणि स्थिर तोल

फुटबॉल हा पायांचा खेळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे खेळाडूला चपळ करावयाचे म्हणजे त्याचे पाय शक्य तितके जलद हलावेत अशी तालीम द्यावयाची, असे पालक आणि पुष्कळसे शिक्षकही गृहीत धरतात. बाजाराने या समजुतीला खतपाणीच घातले आहे. क्रीडासाहित्याच्या दुकानात आता जमिनीवर पसरावयाची पट्ट्यांची शिडी मिळते, रंगीबेरंगी शंकू मिळतात, आणि खाली अर्धगोल बसविलेली डुगडुगती फळीही मिळते. दापोऱ्यासारख्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील गावात शासकीय शाळा चालविणाऱ्याला खेळाच्या निधीतील प्रत्येक रुपयाचा हिशेब मांडावा लागतो. आणि रुपयापेक्षाही जपून खर्च करावयाची वस्तू म्हणजे वेळ. आठवड्यातून खेळाच्या जेमतेम दोन-तीन तासिका. त्या कोणत्या पद्धतीला द्याव्यात, याचा विचार या महिन्याच्या लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ सामने जिंकण्यासाठी नव्हे. फुटबॉलमध्ये गुडघ्याच्या आतील जो अस्थिबंध तुटतो, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो पुष्कळदा कोणाच्याही धक्क्यावाचून तुटतो. धावता धावता एकाएकी थांबणे, वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे, एवढेच त्याला पुरते. मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या दोन ते तीन पट आढळते. शहरात शस्त्रक्रिया होते, पुढे कित्येक महिने व्यायामोपचार चालतो आणि खेळाडू मैदानावर परतते. खेड्यात मात्र एका मुलीचा गुडघा गेला की तिचा खेळ तर संपतोच, शिवाय ‘उद्या हिचे लग्न कसे जमायचे?’ या एका प्रश्नासरशी आणखी दहा घरांतील मुलींना मैदानाचे दार बंद होते. म्हणून चपळता आणि तोल यांचे शिक्षण ही हौशी खेळाडूंची चैन नसून मुलींच्या खेळण्याच्या हक्काशी निगडित अशी गोष्ट आहे.

प्रथम चपळता म्हणजे काय ते पाहू. शेपर्ड आणि यंग या अभ्यासकांनी 2006 साली तिची जी व्याख्या मांडली ती आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. बाहेरून मिळालेल्या एखाद्या संकेताला प्रतिसाद म्हणून सबंध शरीराची गती किंवा दिशा जलद बदलणे, म्हणजे चपळता. या व्याख्येतील महत्त्वाचा शब्द ‘संकेत’ हा आहे. समोरच्या बचावपटूचा खांदा डावीकडे झुकला, तो पाहून मी उजवीकडे निघालो, तर ती चपळता. कोठे वळावयाचे ते आधीच ठाऊक असताना मी वेगाने वळलो, तर ते दिशांतराचे कौशल्य. ते आवश्यक आहे खरे, पण त्यात डोळ्यांना आणि निर्णयाला काम नाही.

ही कसोटी शिडीला लावून पाहा. शिडीच्या चौकटींतून पाय आत-बाहेर टाकण्याचे नमुने ठरलेले असतात. पंधरा दिवसांत मूल ते पाठ करते आणि पाहणाऱ्याला त्याचे पाय विजेसारखे चमकताना दिसतात. परंतु त्याची नजर जमिनीवर खिळलेली असते, पावले लहान असतात, वेग मोडून थांबण्याचा प्रसंग येत नाही, आणि प्रतिस्पर्धी तर नसतोच. शिडीवर घोटविलेला मुलगा शिडीवर तरबेज होतो. सामन्यात तो तितकाच तरबेज होईल, याची हमी त्यातून मिळत नाही. अंग गरम करावयास पाच मिनिटे शिडी ठीक आहे, आणि तिच्यासाठी दुकानात जाण्याचीही गरज नाही. फक्कीने मैदानावर रेघा ओढल्या की काम भागते.

शंकूंची उपयुक्तता याहून अधिक आहे. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद जागेच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा आणि मधोमध 3.3 मीटर अंतराने एका रांगेत चार खुणा ठेवून धावण्याची ‘इलिनॉय चाचणी’ प्रसिद्ध आहे. येथे खराखुरा वेग घ्यावा लागतो, तो मोडावा लागतो, वळून पुन्हा घ्यावा लागतो. खुणा म्हणून विटांचे तुकडे चालतात आणि घड्याळ तर प्रत्येक शिक्षकाजवळ असते. तथापि हीही आधीच ठरलेली वाट आहे. दिशांतराचे मोजमाप करण्यास ती उत्तम; चपळतेचे सर्व शिक्षण तिच्यावर सोपवू नये.

मग संकेत वाचावयास शिकविणारी तालीम कोणती? वाचकहो, ती आपल्या घरचीच आहे. खो-खोतील पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीक. या एका विषम नियमामुळे पळणाऱ्याला क्षणोक्षणी पाठलाग करणाऱ्याचे अंग वाचावे लागते, खो कोणाला मिळणार याचा अंदाज बांधावा लागतो आणि झुकांडी देऊन निसटावे लागते. बचावपटूला चकविणारा फुटबॉलपटू याहून वेगळे काय करतो? आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्याला हूल देणे, कबड्डीत चढाई करून मध्यरेषेकडे परतणे, हीही त्याच जातीची कृत्ये. आणि लंगडी! एका पायावर उड्या मारीत पळत्याचा पाठलाग करणे म्हणजे तोल व चपळता यांचे एकत्र शिक्षण, तेही एका पैशाच्या साहित्यावाचून. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ अजिंक्य ठरले. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना एवढे सांगितले तरी या खेळाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल.

तरीही अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. खो-खोत चेंडू नाही. पायाशी चेंडू असताना नजर वर ठेवणे हे वेगळे कौशल्य असून ते चेंडूनेच येते. म्हणून लहान जागेत चार-चारांचा सामना ही फुटबॉलपुरती सर्वांत पूर्ण अशी तालीम होय. तीत संकेत आहे, प्रतिस्पर्धी आहे आणि चेंडूही आहे.

आता तोलाकडे वळू. डुगडुगत्या फळीची कीर्ती मुख्यतः इटलीतून पसरली. तेथे 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळीस संघांतील सहाशे खेळाडू होते. ज्या संघांनी फळीवर उभे राहण्याचा क्रमवार सराव केला, त्यांच्यात गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती पुष्कळ कमी झाल्या. परंतु 2000 साली स्वीडनमधील महिला खेळाडूंना अशीच फळी देऊन घरी सराव करावयास सांगितले, तेव्हा दुखापतींत काही फरक पडला नाही. दोन्ही अभ्यासांची पद्धत एकसारखी नव्हती, म्हणून त्यांच्यावरून घाईने निवाडा करू नये. तरी एवढे म्हणता येते की, फळी आणून दिली म्हणजे गुडघा सुरक्षित झाला असे नाही.

फळीहून भक्कम पुरावा ‘इलेव्हन प्लस’ नावाच्या व्यायामक्रमाच्या बाजूने आहे. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने अन्य तज्ज्ञांच्या साहाय्याने तो सिद्ध केला. पंधरा व्यायाम आणि वीस मिनिटे: आठ मिनिटे सावकाश धावणे, दहा मिनिटे बळ, उडी व तोल यांचे व्यायाम, आणि शेवटची दोन मिनिटे वेगाने धावणे व वळणे. नॉर्वेतील 125 क्लबांमधील तेरा ते सतरा वर्षांच्या 1,892 मुलींवर त्याची परीक्षा झाली आणि निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. व्यायामक्रम पाळणाऱ्या मुलींच्या एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती तर जवळजवळ निम्म्यावर आल्या. जे संघ नियमितपणे तो करीत होते त्यांना लाभ अधिक झाला, हेही पुढे दिसून आले. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी याच धर्तीवर वेगळा क्रम केलेला असून युरोपातील चार देशांत त्याचेही फळ चांगले आढळले.

या क्रमातील तोलाच्या व्यायामाच्या तीन पायऱ्या पाहण्याजोग्या आहेत. पहिल्या पायरीवर चेंडू हातात धरून एका पायावर उभे राहावयाचे. दुसऱ्या पायरीवर तसेच उभे राहून सोबत्याशी चेंडूची फेकाफेक करावयाची. तिसऱ्या पायरीवर दोघांनी एकेका पायावर उभे राहून हलकेच ढकलून एकमेकांचा तोल घालविण्याचा प्रयत्न करावयाचा. ही तिसरी पायरी वाचताच मराठी माणसाला तालीम आठवल्यावाचून राहणार नाही. कुस्तीगीराचा तोल हा एकट्याने उभे राहण्याचा तोल नसतो. दुसरा तो मोडू पाहत असताना राखलेला तो तोल असतो. फुटबॉलपटूलाही तोच लागतो.

कोल्हापुरात हे दोन खेळ एकाच अंगणात नांदतात, ही गोष्ट आपल्या नव्या पिढीतील फार थोड्यांना माहीत असेल. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही तेथील फुटबॉल संघांची नावे आहेत, आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर त्यांच्या लढती पाहावयास अवघे शहर लोटते. भारतात 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला.

येथे मल्लखांबाचाही उल्लेख करावयास हवा, कारण मध्य प्रदेशाने 2013 साली त्याला राज्यक्रीडेचा मान दिला आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 साली द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. मल्लखांबाने पकड, पाठ आणि पोट यांना जे बळ येते आणि आपले शरीर अधांतरी कोठे आहे याचे जे भान येते, ते कोणत्याही खेळाडूला उपकारक आहे. परंतु त्यात पाऊल जमिनीवर टेकून वेग मोडण्याचा प्रसंग नाही. म्हणून तो फुटबॉलच्या तोलशिक्षणाला पूरक समजावा, पर्याय समजू नये.

सारांश, माझ्या मते साध्या शाळेने असा क्रम धरावा. प्रत्येक खेळाच्या तासिकेच्या आरंभी, मुले ताजीतवानी असताना, वीस मिनिटे इलेव्हन प्लसचे व्यायाम. वेळ थोडा असेल तर त्यातील एका पायावरचा तोल, बैठका आणि उडी मारून उतरणे एवढे तरी सोडू नये. उतरताना आवाज होऊ नये, गुडघे वाकलेले असावेत आणि ते आत न वळता पावलांच्या रेषेत राहावेत, याकडे शिक्षकाने स्वतः लक्ष द्यावे. शिक्षकाची नजर हेच येथील खरे साहित्य. त्यानंतर दहा मिनिटे लंगडी किंवा खो-खो, आणि उरलेला वेळ चार-चारांचे सामने. महिन्यातून एकदा इलिनॉय चाचणीची वेळ नोंदवावी. मात्र मुलाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच मागच्या वेळेशी करावी. शिडी आणि फळी यांच्यासाठी राखलेल्या पैशांतून चेंडू घ्यावेत. चाळीस मुलांत एक चेंडू असेल तर कोणतीच पद्धत उपयोगी पडत नाही.

पालकांना एक विनंती. आपली मुलगी खेळावयास जाते म्हणून काळजी वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या काळजीपोटी तिला घरी बसवू नये. शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना विचारावे, ‘खेळाआधी गुडघ्यांचे व्यायाम होतात ना?’ चार-सहा पालकांनी असे विचारले की व्यायाम सुरू होतील. आणि अंगणात संध्याकाळी मुले लंगडी घालू लागली तर अभ्यासाचा धाक दाखवून त्यांना आत बोलावण्याची घाई करू नये. अर्धा तास त्यांना खुशाल खेळू द्यावे.