मेजाभोवतीचे खोटे घर

2021 चा ‘ब्लॅक विडो’ अतिमानवी पराक्रमाचा व हेरगिरीचा चित्रपट म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा प्राण एका जेवणाच्या मेजापाशी आहे. 1995 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात दिसणारे चौकोनी कुटुंब म्हणजे रशियन हेरांनी तीन वर्षे वठवलेले सोंग असते. ठाऊक नसते ते एकट्या धाकट्या येलेनाला.

एकवीस वर्षांनी चौघे पुन्हा एकत्र बसतात. ‘आई’ मोठ्या नताशाला पोक काढून बसल्याबद्दल टोकते. ‘वडील’ जुना गणवेश पोटावर कसाबसा चढवून मिरवतात. प्रेक्षक हसत असतानाच येलेना सांगते की, तिच्यासाठी ते घर खरेच होते. फ्लॉरेन्स प्यूने हा प्रसंग फार संयमाने केला आहे. (त्याआधी डुकराचा श्वास रोखण्याचा प्रयोग आहे, मुलांना तो दाखवू नये.)

पुढे मात्र आकाशातील तळ कोसळतो आणि दिग्दर्शिका केट शॉर्टलँड यांनी जपलेले घर त्या गदारोळात हरवते. खलनायक ड्रेकॉव्हने पोटच्या मुलीलाच शस्त्र बनवले आहे. खोट्या घरातली माया आणि रक्ताच्या नात्यातले क्रौर्य, केवढा हा विरोध! पण त्या मुलीच्या वाट्याला येतो केवळ मुखवटा. पूर्वी नताशाने, बापाला मारण्यासाठी, तिच्यासह इमारत उडवली होती. त्या अपराधाची क्षमायाचना दोन वाक्यांत उरकते, आणि नताशा पुढच्या झुंजीकडे वळते.