चेनसॉचे तेल आणि माहुलची खाडी

झाडे छाटण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चेनसॉला, म्हणजे यांत्रिक साखळी-करवतीला, दोन वेगवेगळी तेले लागतात आणि पर्यायी तेलांचा विचार करताना या दोहोंची गल्लत होता कामा नये. पहिले टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल असून ते उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा पेट्रोलच्या 50 भागांस 1 भाग असे मिसळले जाते. त्यात घरगुती प्रयोगांना वाव नाही. दुसरे तेल साखळीचे असते. पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे 20 मीटर धावणारी ही साखळी ‘बार’ नावाच्या पोलादी पट्टीच्या खाचेत सतत घासत असते, आणि ते घर्षण सुसह्य व्हावे म्हणून एक छोटा पंप तिच्यावर अखंड तेल सोडत राहतो. मोटारीच्या इंजिनातील तेल फिरून पुन्हा आपल्या जागी येते. साखळीचे तेल मात्र भुशावर, पानांवर, मातीवर आणि कामगाराच्या अंगावर उडून संपते. म्हणूनच पर्याय निवडताना साखळी किती टिकेल या प्रश्नाइतकेच तेल अखेर कोठे जाईल या प्रश्नालाही महत्त्व द्यावे लागते.

मुंबईतील माहुलच्या संदर्भात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भूगोलच देतो. येथे 1954 आणि 1955 मध्ये अनुक्रमे स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, आणि आज हिंदुस्तान पेट्रोलियमकडे असलेल्या कारखान्यात वंगणांचे मूळ तेल, म्हणजे ज्यात रसायने मिसळून बाजारातील वंगण तयार होते ते ‘बेस ऑइल’, निघते. त्याच परिसराच्या कडेला तिवरांची दाटी आणि शिवडी-माहुलची चिखलमैदाने आहेत, जेथे रोहित पक्षी चरायला उतरतात. मुंबईतील रस्त्यांकडेच्या झाडांची छाटणी प्रामुख्याने पावसाळ्यापूर्वी होते. त्यामुळे रस्त्यावर आणि मातीत पडलेले तेल पहिल्याच जोरदार सरींबरोबर पर्जन्यवाहिन्यांतून, कोणत्याही शुद्धीकरणाशिवाय, खाडीत उतरण्याची शक्यता असते. मध्यम आकाराच्या यंत्राची तेलटाकी साधारण पाव लिटरची धरली आणि ती दिवसातून आठ वेळा भरली, तर एका यंत्रामागे दोन लिटर तेल परिसरात सोडले जाते.

या हिशेबात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट पर्याय म्हणजे गॅरेजमधून मिळणारे जळके ऑइल. इंजिनात वापरून झालेल्या या तेलात धातूचे सूक्ष्म कण, काजळी आणि कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बने साचलेली असतात. धातूचे कण पंप आणि बार झिजवतात, तर वेगाने उडणारे तुषार कामगाराच्या त्वचेवर आणि श्वासात जातात. वापरलेले तेल हा 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचरा असून तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. वाचलेल्या पैशाची किंमत येथे कामगाराचे शरीर आणि खाडी चुकवतात, म्हणून या पर्यायाला काटकसर म्हणणे चूक आहे.

नव्या इंजिन ऑइलची गोष्ट वेगळी आहे. श्यानता, म्हणजे तेलाचा वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, हा येथील मुख्य निकष असून एसएई 30 दर्जाचे तेल सामान्य चेन ऑइलच्या जवळपास बसते आणि मुंबईच्या उष्ण हवेत ते पंपातून सहज वाहते. मात्र खास चेन ऑइलमध्ये तेल साखळीला धरून ठेवणारे चिकट पॉलिमर मिसळलेले असतात. ते नसल्याने इंजिन ऑइल अधिक फेकले जाते. शिवाय ते खनिज तेलच असल्याने मातीत सावकाश विघटित होते. अडीअडचणीला ते चालेल, परंतु नित्याच्या कामासाठी ते योग्य उत्तर नव्हे.

ते उत्तर वनस्पती तेलांच्या दिशेने शोधावे लागते. युरोपात मोहरीच्या कुळातील रेपसीडच्या तेलापासून बनवलेली चेन ऑइल रूढ आहेत आणि ऑस्ट्रियाने खनिज तेलाच्या अशा वापरावर 1990 च्या दशकातच बंदी आणली. महाराष्ट्रात शेंगदाणा आणि करंज ही तेले हाताशी आहेत. वनस्पती तेले उष्णतेने तुलनेने कमी पातळ होतात; मात्र मुळात ती चेन ऑइलपेक्षा पातळ असल्याने त्यांत अतिशय दाट एरंडेल मिसळून श्यानता वाढवता येते. त्यांचा दोष असा की हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ती राळेसारखी घट्ट होतात. जवसाचे तेल तर रंगकामात वापरले जाते ते याच वाळण्याच्या गुणामुळे, म्हणून ते यंत्रात कधीही घालू नये. करंजतेलात कीटकांना मारक द्रव्ये असल्याने, वनस्पतिजन्य म्हणून ते चिखलातील जीवांना निरुपद्रवी ठरते असेही गृहीत धरता येत नाही. त्यामुळे घरगुती मिश्रणापेक्षा प्रमाणित, जैवविघटनशील चेन ऑइल श्रेयस्कर ठरते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या विघटनक्षमतेच्या प्रचलित चाचणीत 28 दिवसांत 60 टक्के विघटन ही कसोटी मानली जाते. असे तेल वापरणाऱ्याने यंत्र काही आठवडे बंद ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करून बार आणि साखळी पुसावी, आणि काम सुरू करताना बारचे टोक फिकट पृष्ठभागासमोर धरून तेलाची बारीक रेघ उमटते का हे पाहावे.

ही शिस्त एकट्या कामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण तेल तो निवडत नाही. ते कंत्राटदार विकत घेतो आणि कंत्राटदार निविदेतील अटींनुसार वागतो. मुंबईत झाड तोडण्यासाठी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणजे झाडाच्या रक्षणाची जबाबदारी शहराने तत्त्वतः स्वीकारलेली आहे. त्याच तत्त्वाने छाटणीच्या निविदेत जळक्या ऑइलवर स्पष्ट बंदी, खाडीलगतच्या प्रभागांत जैवविघटनशील तेलाची सक्ती आणि त्याच्या वाढीव खर्चाची स्वतंत्र तरतूद असली पाहिजे. दर ठरवताना हा खर्च धरला नाही, तर स्वस्त तेलाकडे वळण्याचा मोह कायम राहील. तो धरला, तर माहुलची माती आणि यंत्र हाती धरणारा माणूस या दोघांचेही रक्षण महापालिकेच्या एका कलमाने साधेल.