कायदा कपाटात, स्टेरॉइड गल्लीगल्लीत

सोलापुरातल्या मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून ‘खाज येतेय, काहीतरी द्या’ एवढे म्हटले की पुरे. डॉक्टरची चिठ्ठी कुठाय, असे विचारणारा दुकानदार दिवा घेऊन शोधावा लागेल. खाज कुठे आहे, किती दिवसांची आहे, बाई गरोदर आहे का, याची चौकशी कोण करतो? खणातून ट्यूब निघते आणि क्लोबेटासोल, म्हणजे कातडीला लावायच्या स्टेरॉइडांतले सर्वांत जहाल, चहापत्तीच्या पुडीसारखे हातावर ठेवले जाते.

हा उघड कायदेभंग आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम सांगतात की शेड्यूल एचमधले औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे घसा कोरडा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्राने आणखी १४ स्टेरॉइडे या शेड्यूलमध्ये घातली. मग अन्न व औषध प्रशासनाने आता सोलापूरकरांना सांगावे: चिठ्ठीविना स्टेरॉइड मलम विकले म्हणून या जिल्ह्यात आजवर किती दुकानांचे परवाने निलंबित झाले? नियम ६६ तो अधिकार तुम्हाला देतो. आकडा द्या, आम्ही पहिल्या पानावर छापतो. आकडाच नसेल, तर पगार कोणत्या कामाचा घेता?

औषधाशी आमचे वैर नाही. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून दाखवले, तेव्हापासून इसबाने ओरबाडलेल्या लाखो लेकरांना रात्रीची झोप मिळाली. योग्य ताकदीचे मलम, बोटाच्या पेराएवढे माप आणि डॉक्टरने सांगितलेले दिवस, एवढे पाळले तर हे उत्तम औषध आहे. पण बाजाराने त्याची अशी बदनामी केली की आता खरी गरज असलेली आईसुद्धा ‘स्टेरॉइड’ म्हटले की ट्यूब फेकून देते आणि पोर कोपराच्या खोबणीत रक्त निघेपर्यंत खाजवत राहते. या पापाचाही हिशेब याच दुकानदारीच्या खात्यावर मांडला पाहिजे.

आणि गजकर्ण? ते तर या शहराच्या पाचवीलाच पुजलेले. चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा, यंत्रमागाच्या कोंदट शेडमध्ये घामाने निथळणारे अंग, आणि वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड येणारे नळाचे पाणी. कपडे रोज धुवा, अंग कोरडे ठेवा, हा सल्ला विडी कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीतल्या बाईला देणाऱ्याने आधी तिच्या मोरीतला हंडा बघावा. सिव्हिलच्या त्वचा विभागात जायचे तर खाडा पडतो, रोज बुडतो. म्हणून ती कोपऱ्यावरच्या मेडिकलात जाते. स्टेरॉइड दोन दिवसांत लाली आणि खाज मारते, पण गजकर्णाची बुरशी मारत नाही. शरीराचा प्रतिकार गुंगवून बुरशीला मोकळे रान देते. ट्यूब संपली की गजकर्ण दुप्पट होऊन उठते, कंबरेचे मांडीवर, मांडीचे घरातल्या पोराच्या गालावर. गोल कडाही पुसल्या जातात, त्यामुळे शेवटी डॉक्टरकडे गेले तरी रोग ओळखू येत नाही. देशात पसरलेल्या या चिवट गजकर्णामागे तज्ज्ञ याच मलमांकडे बोट दाखवतात. यातली ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी तर टर्बिनाफाइन या बुरशीनाशक औषधालाही अनेकदा दाद देत नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण नोंदवले.

कंपन्यांची अक्कल तर पाहा. एकाच ट्यूबमध्ये क्लोबेटासोल, टर्बिनाफाइन, ऑफ्लोक्सासिन आणि वर ऑर्निडाझोल! हे शेवटचे औषध अमीबाच्या जुलाबावर देतात. गजकर्णात त्याचे काय काम? सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या न्यायालयात धावल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी उडवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली, त्यात पँडर्म प्लससारखे घरोघरी पोचलेले नाव होते. दोन-अडीच वर्षे वकिलांची गेली, कातडी जनतेची गेली.

गोरेपणाच्या हव्यासावर पोसलेला धंदा याहून नीच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड हे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमनने १९७५ मध्ये वांगांसाठी सुचवले. इथे लग्न ठरलेल्या मुली ते महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळतात. कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरमे आणि लव येते. थांबवले की चेहरा आगीसारखा जळतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. देशातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, तर ४३३ जण स्टेरॉइड लावत होते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्यांनी सुचवले होते आणि त्या २५७ पैकी २३२ सल्ले जबर ताकदीच्या मलमांचे होते. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांनीच लिहिल्या, हेही वैद्यकीय बंधूंनी विसरू नये.

तेव्हा मागणी सरळ आहे. औषध निरीक्षकांनी साध्या कपड्यांत गिऱ्हाईक बनून दुकानांत जावे आणि दोषी दुकानांची नावे दर महिन्याला जाहीर करावीत. केमिस्टांच्या संघटनेने अशा सभासदाची पाठराखण करू नये. ट्यूबवरचा इशारा भिंग लावूनही न दिसणाऱ्या इंग्रजीत छापण्याऐवजी ठळक मराठीत छापायला लावा. आणि वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ, माग बंद झाल्यावर, विडी घरकुल आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्वचेचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीसाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहायचे कारण नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी औषध प्रशासन आणि महाविद्यालय या दोघांना एका टेबलाशी बसवले तरी पुढच्या सोमवारपासून काम सुरू होईल.