मुखपट्टी सक्तीची, डोळे मात्र बेवारस!

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्तींचा गौरव केला. पंतप्रधानांनीही अभिनंदन केले. ज्यांच्या श्रमावर हा गौरव उभा राहिला, त्यांत हिमायतनगर तालुक्यातील, पैनगंगेकाठच्या गावांतून दारोदार फिरणाऱ्या आशाही होत्या. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घोषणा सरकारने दिली. जबाबदारी वाहिली ती आशांनी. २०२१ च्या मार्चअखेरीस नांदेड जिल्ह्यात टाळेबंदी झाली. इतरांना घरात बसण्याचा आदेश होता, त्यांना घराबाहेर पडण्याचा. तोंडावर मास्क आणि माथ्यावर मराठवाड्याचे ऊन, असे ते दिवस होते. गौरव झाला, त्या मास्कच्या वरच्या डोळ्यांचे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही.

मास्कचा डोळ्यांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. नाकावर नीट न बसलेल्या मास्कच्या वरच्या कडेतून उच्छ्वास निसटतो आणि थेट डोळ्यांवर जातो. चष्म्यावर धुके चढते ते याच वाफेचे. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि पापण्यांतील ग्रंथींचे तेल त्याला सुकण्यापासून जपते. तासन् तास हवा लागत राहिली की तो थर वेगाने विरतो. मग डोळे चुरचुरतात, लाल होतात, वाळूचा कण खुपावा तसे खुपतात, दृष्टी मधूनच धूसर होते. २०२० पासून देशोदेशींच्या नेत्रतज्ज्ञांनी या विकाराची नोंद केली आहे. त्यात कोरड्या उन्हाळी वाऱ्याची भर पडते. मोबाईलवर माहिती भरताना पापण्यांची उघडझाप मंदावते, तीही भर. वाढत्या वयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. आणि आशा या सर्वच्या सर्व स्त्रिया आहेत.

साथ ओसरली म्हणून प्रश्न संपला नाही. क्षयरोग्यांच्या कक्षात, शस्त्रक्रियागृहात, प्रयोगशाळेत मास्क आजही आहे. परिचारिका, तंत्रज्ञ आणि सफाई कामगार यांच्याही डोळ्यांचा हा प्रश्न आहे.

मास्कच नको, अशी हाकाटी करणाऱ्यांच्या हाती मात्र हे कोलीत देता कामा नये. मास्कने कामगाराचे आणि रुग्णाचे प्राण रक्षिले आहेत. दोष मास्कचा नाही. तो कसाही पुरवून, विश्रांतीविना कसाही वापरायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे. तसेच ‘डोळे चुरचुरणे ही क्षुल्लक बाब’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की चुरचुरणारा डोळा माणूस चोळतो, आणि चोळणाऱ्या हाताबरोबर जंतू डोळ्यात शिरतो. म्हणजे डोळ्यांची हेळसांड केल्याने ज्या संसर्गासाठी मास्क लावला त्यालाच वाट मोकळी होते. शिवाय नाइलाजाने औषधाच्या दुकानातून सल्ल्याविना घेतलेले स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू ओढवू शकतो.

मग सरकार हात झटकते ते कोणत्या आधारावर? कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने व्यवसायजन्य रोगांच्या यादीत भट्टीच्या धगीने होणाऱ्या मोतीबिंदूला स्थान दिले होते. कामामुळे डोळा बिघडतो, हे तत्त्व कायद्यानेही अमान्य केले नाही. परंतु आशा ‘कामगार’ नाही, ‘स्वयंसेविका’ आहे! तिला वेतन नाही, मोबदला आहे. राबताना ती शासनाची, आजारी पडताना स्वतःची. योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, अशी शिफारस २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केली. ती अद्याप कागदावरच आहे. २०२० मध्ये केंद्राने आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, तोही मृत्यूचा. मेलेल्या आशेची किंमत ठरली, जिवंत आशेच्या डोळ्याची ठरली नाही. गावातील म्हाताऱ्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नेणारी हीच आशा. तिचे स्वतःचे डोळे कोणत्याच नोंदवहीत नाहीत. तपासणीसाठी हिमायतनगरहून नांदेड गाठावे, तर त्या दिवसाचे काम आणि मोबदला दोन्ही बुडतात.

उपाय महाग आहेत, ही सबबही टिकणारी नाही. नाकावर तार असलेला, चेहऱ्याला बसणारा मास्क, गरज असेल तेथे वरच्या कडेला चिकटपट्टी, मोकळ्या हवेत ठरावीक विश्रांती आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब एवढीच ही मागणी आहे. तपासणी म्हणावी तर खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून ओल मोजणारी शिर्मर चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. उणीव पैशाची नाही, वर्गदृष्टीची आहे.

२०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप-आंदोलने करून मोबदल्यात वाढ मिळवली. ती दयेने मिळाली नाही, संघटनेने मिळाली. आरोग्याचा हक्कही तसाच मिळवावा लागेल. आशा व सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा मोफत नेत्रतपासणी, तपासणीच्या दिवसाचा मोबदला, योग्य मास्क आणि औषधे, व्यवसायजन्य आजार म्हणून नोंद आणि या सर्वांचा पाया असलेला कामगाराचा दर्जा, या मागण्या प्रत्येक तालुक्याच्या निवेदनात आल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी आरंभ गावातूनच करावा. आशांच्या बैठका घ्याव्यात, कोणाला काय त्रास होतो ते लिहून काढावे आणि त्या कागदांचा गठ्ठा तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावा. नोंदच नाही म्हणून रोगच नाही, हे सरकारचे सोयीचे गणित आहे. ते आधी मोडले पाहिजे.