आमच्या शहराचे आमदार कोण?

२०२५ च्या पावसाळ्यात एक व्यापारी गृहस्थ आमच्या कचेरीत आले. त्यांचे दुकान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. बिऱ्हाड मात्र वाघोलीस. नगर रस्ता ओलांडताना मुलाबाळांच्या जिवास धोका होतो, सबब तेथे पादचारी पूल व्हावा, असा अर्ज त्यांनी तयार करून आणला होता. अर्ज मुद्देसूद होता, खाली सह्याही पुष्कळ होत्या. परंतु माथ्यावर ज्यांचे नाव घालावयाचे ती जागा कोरी होती. "पुण्याचे आमदार आठ. त्यांपैकी आमचे कोणते, एवढे आपण सांगावे," असे ते म्हणाले. आम्ही सांगितले की, आठांपैकी एकही नाही. गृहस्थांस ही थट्टा वाटली व ते हसले. परंतु ती थट्टा नव्हती. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, तेथील मिळकतकर पुण्याच्या तिजोरीत पडतो, पत्त्यातही पुणे असेच लिहिले जाते. पण विधानसभेच्या हिशेबी वाघोली शिरूर मतदारसंघात मोडते. ज्या गृहस्थांस दुकानाच्या उधारीचा पैन् पै हिशेब तोंडपाठ, त्यांस कायदेमंडळात आपल्या वतीने कोण बोलतो हे ठाऊक नव्हते, आणि यात त्यांचा दोष फारच थोडा आहे.

त्यांस हसण्याचा अधिकार आम्हां शिकलेल्या लोकांस तर मुळीच नाही. दिल्लीत कोणते मंत्रिमंडळ टिकेल व कोणते कोसळेल यावर चार घटका वाद घालणाऱ्या मंडळींस, "आपला विधानसभा मतदारसंघ कोणता?" एवढेच विचारून पाहावे. निम्मे लोक खासदाराचे नाव सांगतात, काही नगरसेवकाचे सांगतात, आणि उरलेले ज्याचा फलक चौकात मोठा त्याचे सांगतात! वकिलीच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. दावा कितीही खरा असो, तो ज्या कोर्टास अधिकार नाही तेथे दाखल केला, की तो परत येतो. नागरिकांच्या गाऱ्हाण्यांचेही नेमके हेच होते. गाऱ्हाणे खरे असते; कोर्ट चुकलेले असते.

कोणी म्हणतील की, शहरवासीयांस आमदाराशी कर्तव्य ते काय? रस्ते, पाणी, दिवे ही महापालिकेची कामे. तेथे नगरसेवक आहेतच. ही समजूत किती भ्रामक आहे हे आमच्या व्यापारी वाचकांस तरी सांगावयास नको. जकात जाऊन १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात स्थानिक संस्था कर आला, तेव्हा बाजारपेठा बंद राहिल्या, मोर्चे निघाले. तो कर बसविला कोणी व उठविला कोणी? वसुली महापालिकेची होती, पण कायदा राज्याचा होता. आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपर्यंतच्या उलाढालीस तो माफ झाला तोही राज्य सरकारच्याच निर्णयाने. महापालिका ज्या अधिनियमाखाली चालते तो १९४९ चा अधिनियम राज्याचा. आयुक्त नेमते राज्य सरकार. शहराचा विकास आराखडा अखेर मंजूर होतो तो १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली राज्य सरकारच्या सहीने. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या ताब्यात. पानशेत फुटल्याचा १२ जुलै १९६१ हा दिवस ज्या शहराने पाहिला, त्या शहराने तरी धरणाची किल्ली कोणत्या खात्याच्या हाती असते हे विसरू नये.

२०२४ च्या जुलैची २५ तारीख आठवावी. मुठेस पूर आला, सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत रातोरात पाणी शिरले, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. त्या दिवशी पुणे महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार. मुंबईची व राज्यातील इतर महापालिकांची कथा याहून फारशी निराळी नाही. या काळात शहरवासीयाने ज्याचे दार ठोठवावे असा राज्यातील एकच निर्वाचित प्रतिनिधी उरला होता, तो म्हणजे आमदार. आणि नेमका त्याचाच पत्ता पुष्कळांस ठाऊक नव्हता. प्रशासक जनतेस जबाबदार नसतो, तो सरकारास असतो. आणि सरकार विधानसभेस जबाबदार असते. म्हणजे ही साखळी नागरिकापर्यंत येऊन पोहोचते ती आमदाराच्याच कडीतून. ती कडी सापडली नाही तर बाकीची साखळी काय कामाची?

हा गोंधळ कसा झाला तेही पाहिले पाहिजे. हल्लीचे मतदारसंघ आखले ते २००२ च्या परिसीमन अधिनियमाखाली नेमलेल्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने. आधार २००१ च्या जनगणनेचा, आदेश २००८ चा, आणि आपल्याकडे त्यावर पहिली निवडणूक २००९ ची. शहरांतील मतदारसंघांची चतुःसीमा त्या आदेशात त्या वेळच्या प्रभागांच्या क्रमांकांनी सांगितलेली आहे. पण प्रभाग कोठे स्थिर राहतात? पुण्यात २००७ साली एका प्रभागास एक सभासद होता, २०१२ साली दोन झाले, २०१७ साली बहुतेक ठिकाणी चार झाले, आणि २०२६ ची निवडणूक ४१ प्रभाग व १६५ सभासद अशी झाली. दर खेपेस हद्दी बदलल्या, क्रमांकही बदलले. आदेशातील क्रमांक कागदावर तसाच राहिला आणि जमिनीवरचा त्याचा अर्थ नाहीसा झाला. आज आदेश हातात घेऊन आपली गल्ली शोधू पाहणारा मनुष्य जुन्या नकाशावर नव्या वाटा शोधीत बसतो.

त्यात शहराची हद्द वाढली. २०१७ साली अकरा गावे आली, २०२१ साली तेवीस आली. महापालिकेची हद्द राज्य सरकारास अधिसूचनेने वाढविता येते. विधानसभेची हद्द परिसीमनावाचून हलत नाही. एकाची चाल सशाची, दुसऱ्याची कासवाची. म्हणून सूस व म्हाळुंगे येथील रहिवासी पुण्याचे करदाते, पण त्यांचे आमदार भोरचे. फुरसुंगीची तऱ्हा तर विलक्षणच. ते गाव २०१७ साली महापालिकेत आले, पुढे उरुळी देवाचीसह बाहेर पडून त्याची निराळी नगरपरिषद झाली. या सर्व स्थित्यंतरांत त्याचा विधानसभा मतदारसंघ मात्र पुरंदरचा तो पुरंदरचाच.

नावांनीही माणसास चकविले आहे. पुणे छावणी नावाचा मतदारसंघ आहे, म्हणून सर्व छावण्या त्यात असतील असे कोणी समजू नये. खडकीची छावणी शिवाजीनगर मतदारसंघात आहे. हडपसरचा मनुष्य विधानसभेसाठी पुण्यातच मत देतो, पण लोकसभेसाठी त्याचा मतदारसंघ शिरूर. खडकवासल्याच्या मतदाराचा बारामती. शिरूर हे नाव एकदा विधानसभेचे व एकदा लोकसभेचे असे दोन निरनिराळ्या प्रदेशांस लागते, हे तर सामान्य माणसास कोडेच आहे. छत्रपती संभाजीनगर हे शहराचे नाव २०२३ साली रूढ झाले. २०२४ च्या विधानसभेस तेथील नागरिकांनी मते दिली ती औरंगाबाद पूर्व, मध्य व पश्चिम या नावांच्या मतदारसंघांत. सोलापूर, कोल्हापूर, नाशिक येथेही शहराचे तुकडे ग्रामीण भागांस जोडलेले आहेत. तेथील वाचकांनी आपापल्या ठिकाणी पडताळा घ्यावा.

मतदारसंघ शहराच्या हद्दीशी जुळलेच पाहिजेत असा आमचा आग्रह नाही. राज्यघटनेच्या १७० व्या अनुच्छेदाचे सूत्र लोकसंख्येचे आहे, वेशीचे नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या सूत्राचे तरी काय झाले आहे? २०२४ च्या निवडणुकीत चिंचवडला साडेसहा लाखांहून अधिक मतदार होते, कसबा पेठेत तीन लाखांहूनही कमी. दोघांसही आमदार एकच. आमदारास मिळणारा स्थानिक विकास निधीही उभयतांस सारखाच. जुन्या पेठांतून माणसे उठून उपनगरांत गेली, मत पातळ झाले, आणि त्याची दाद घेणारे कोणी नाही. राज्याच्या विधानसभेतील जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठविलेली, आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवण्याचे ठरविले. ज्यांस आपला मतदारसंघच माहीत नाही, त्यांस तो किती फुगला आहे हे कसे कळावे, आणि उद्या नवी आखणी होऊ लागली म्हणजे त्यांनी हरकत तरी कोणत्या तोंडाने घ्यावी?

व्यापारी वर्गाच्या मनात आणखी एक घोटाळा असतो, तो कायद्याचा आहे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जेथे दुकान, जेथे कर, तेथे मत, अशी कित्येकांची समजूत आहे. हा जुन्या काळचा अवशेष होय. १८९५ साली लोकमान्य टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलावर निवडून गेले तेव्हा सामान्य रयतेस मत नव्हतेच. पुढे १९३५ च्या कायद्याखालीही मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या जोरावरच बहुतेकांस मत मिळे. आज तसे नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १९ व्या कलमाप्रमाणे मत असते ते सामान्यतः राहण्याच्या ठिकाणी. आणि २० वे कलम स्पष्ट सांगते की, केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून मनुष्य तेथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे मत वाघोलीस. पण म्हणून तपकीर गल्लीशी संबंध तुटला असे नव्हे. कसबा पेठेचा आमदार त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी असतो, केवळ आपल्या मतदारांचा मुखत्यार नव्हे. गल्लीतील वीज, वाहनतळ, आगीचा बंदोबस्त यांविषयी दुकानदाराने त्यांच्याकडे जावे व संकोच धरू नये.

वरिष्ठ सभागृहाची गोष्ट थोडक्यात. विधानपरिषदेत ७८ सभासद. त्यांतील पदवीधरांच्या पुणे मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात, आणि त्याची यादी दर निवडणुकीस नव्याने होते. पदवी भिंतीवर टांगली म्हणून नाव यादीत येत नाही, अर्ज करावा लागतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागांस मते देतात नगरसेवक व जिल्हा परिषदेचे सभासद. २०२२ नंतर तेच नव्हते म्हणून त्यांतील कित्येक जागा रिकाम्या पडल्या. राज्यपालांनी नेमावयाच्या बारा जागा २०२० च्या जूनपासून रिकाम्या होत्या, त्यांतील सात २०२४ च्या ऑक्टोबरात भरल्या. मतदारच नाहीत म्हणून प्रतिनिधी नाही, आणि प्रतिनिधी नाही म्हणून ओरड नाही!

यावर सरकारपक्षाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक घातला की मतदारसंघ व मतदानकेंद्र कळते. १९५० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी माहिती मिळते. ही सोय चांगली आहे व वाचकांनी आजच तिचा उपयोग करावा. पण ती एकेका मतदारापुरती आहे. ज्याचे नाव यादीत नाही त्यास, भाडेकरूस, कालच राहावयास आलेल्या कुटुंबास, दुकानदारास, किंवा संपूर्ण पेठेच्या वतीने अर्ज करणाऱ्या मंडळास ती पुरी पडत नाही. त्यांस पाहिजे आहे तो उलटा कोश: पेठ, रस्ता, वसाहत यांवरून प्रतिनिधी सांगणारा.

असा कोश करणे अवघड नाही. मतदारयादीचा प्रत्येक भाग घराघरांवरून झालेला असतो, म्हणजे कोणते घर कोणत्या मतदारसंघात हे सरकारी दप्तरी नोंदलेले आहेच. महापालिकेकडे मिळकतींची यादी आहे. दोन याद्या शेजारी ठेवून वाचावयाच्या, एवढेच काम. आमची सूचना अशी की, मिळकतकराचे जे देयक दर वर्षी मिळकतीगणिक निघते त्यावर प्रभाग, विधानसभा मतदारसंघ व लोकसभा मतदारसंघ ही तीन नावे क्रमांकांसह छापावी. व्यक्तींची नावे छापू नयेत, नाहीतर देयकाची जाहिरात व्हावयास वेळ लागणार नाही. क्षेत्रीय कार्यालयांच्या दारी वसाहतवार फलक लावावा व त्यावर आमदारांची नावे व भेटीच्या वेळा द्याव्या. प्रभागाचे दोन तुकडे दोन मतदारसंघांत पडत असतील तेथे दोन्ही लिहावे. हद्द बदलणारी अधिसूचना निघाली की महिन्याच्या आत फलक दुरुस्त व्हावा. याचा खर्च किती? देयकावर एक ओळ शाईचा.

महापालिकेत आता निवडून आलेले सभासद बसले आहेत. असा ठराव पहिल्या वर्षातच मांडावयास त्यांस कोणाची परवानगी लागत नाही. व्यापारी संघांनीही सरकारची वाट न पाहता आपल्या सभासदांच्या यादीत दुकानाचा व घराचा असे दोन मतदारसंघ नोंदवून घ्यावे. पुढचा कर आला म्हणजे ती यादी उपयोगी पडेल.

वाघोलीच्या त्या गृहस्थांचा अर्ज त्याच दिवशी शिरूरच्या आमदारांचे नाव माथ्यावर घालून रवाना झाला. तपकीर गल्लीत आगीचा बंब शिरावयास वाट राहावी म्हणून कसब्याच्या आमदारांकडे दुसरा अर्ज करावयाचा आहे. त्याचा मसुदा तपासावयास ते येणार आहेत.