शाल-श्रीफळ कुणाला?

मंडळी, दरवर्षी गणेशोत्सवात आपण मुलांचा गुणगौरव करतो. जीसीएसई व ए-लेव्हलचे निकाल वाचले जातात, टाळ्या होतात, आईबाबांसह फोटो निघतात. यंदा त्यात थोडी भर पडावी असे आम्हाला वाटते. का, ते सांगण्यासाठी शेफिल्डच्या नसीम हमीदची आठवण काढतो.

येमेनहून आलेल्या कुटुंबात नसीम १९७४ साली शेफिल्डमध्ये जन्मला. विंकोबँक भागात आईवडिलांचे कोपऱ्यावरचे दुकान. जवळच एका जुन्या चर्च-हॉलमध्ये ब्रेंडन इंगल बॉक्सिंग शिकवत. तेही बाहेरचेच, डब्लिनचे. सातव्या वर्षी नसीम त्यांच्याकडे जाऊ लागला. जमिनीवर रेघा रंगवलेल्या. त्यांवरून पावले टाकत मुलांचा पदन्यास घोटून घेतला जाई. आपल्या तालमीतल्या वस्तादांचीच ही जात!

१९९२ मध्ये नसीम व्यावसायिक झाला. ३० सप्टेंबर १९९५ रोजी त्याने स्टीव्ह रॉबिन्सनला त्याच्याच गावात, कार्डिफला, हरवून डब्ल्यूबीओचे फेदरवेट विजेतेपद मिळवले. फेदरवेट म्हणजे १२६ पौंड, सुमारे ५७ किलो. आपल्या घरातल्या एखाद्या किडकिडीत मुलाएवढे वजन! दोरांवरून कोलांटी उडी मारून रिंगणात उतरणारा हा पोरगा डिसेंबर १९९७ मध्ये न्यूयॉर्कला केव्हिन केलीविरुद्ध तीनदा खाली पडला, तीनदा उठला आणि चौथ्या फेरीत जिंकला.

पुढे पैसा आला, नाव आले. १९९८ मध्ये गुरुशिष्यांची कडवटपणे फारकत झाली. नसीमला नवे नामवंत प्रशिक्षक मिळाले, पण एप्रिल २००१ मध्ये लास वेगासला मार्को अँतोनियो बरेराने त्याला बारा फेऱ्या नमवले. त्यानंतर २००२ मध्ये एकच लढत, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी सारे संपले. ३७ लढती, ३६ विजय, त्यांतले ३१ नॉकआऊट. २००६ मध्ये बेफाम मोटार चालवल्याबद्दल तुरुंगवासही झाला. इंगल २०१८ मध्ये गेले.

फारकतीमुळेच तो हरला, असे आम्ही म्हणत नाही. मुलांना बॉक्सिंगलाच घाला, असेही नाही. डोक्याला मार बसणारा तो खेळ आहे. पण परदेशात मूल एकट्या आईबापांच्या हातून घडत नाही. रविवारी पावसात उभे राहून आपल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे, पोहण्याच्या तलावावर पहाटे हजर असणारे कुणीतरी असतेच. आपण गाडीतून मुलाला सोडतो, आणतो. कित्येकदा त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नसते. परीक्षेचे वर्ष आले की निरोप न घेताच खेळ बंद! मग मुलांनी कृतज्ञता शिकावी कुठून?

म्हणून सूचना अशी : यंदा व्यासपीठावर मुलांच्या गुणांबरोबर त्यांच्या खेळांचीही नोंद वाचावी, आणि त्यांच्या प्रशिक्षकांना सन्मानाने बोलवावे. शाल-श्रीफळ त्यांना. नारळाचे काय करायचे ते मुलेच समजावून सांगतील!

पटते का? नसल्यास तसेही जरूर कळवा.