साल्हेरच्या पायथ्याशी आतिथ्य कोणाचे?

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले. सटाणा म्हणजेच बागलाण तालुक्यातील साल्हेर त्यांपैकी एक. 1672 साली मोगली फौजेचा पराभव पाहिलेला हा 1567 मीटर उंचीचा गड आता जगाच्या नकाशावर आला आहे. मांगीतुंगीला 2016 साली उभ्या राहिलेल्या ऋषभदेवांच्या 108 फुटी मूर्तीचे आकर्षण आहेच. साहजिकच या परिसरात हॉटेले आणि रिसॉर्टे काढण्याची स्वप्ने पाहिली जाणार.

अशा ठिकाणी धंद्याचे सल्लागार एकच मंत्र देतात : चारचौघांत उठून दिसा! खिडकीतून गड दिसला पाहिजे, अंगणात पोहण्याचा तलाव पाहिजे, ताटात ‘अस्सल आदिवासी’ भाकरी पाहिजे आणि या साऱ्याची छायाचित्रे मोबाइलवर झळकली पाहिजेत. हे वेगळेपण मुळात निर्माण कोणी केले, हा प्रश्न मात्र या उपदेशात कधीच येत नाही. गड मालकाने बांधला नाही, रान त्याने राखले नाही. नागलीची भाकरी तर कोकणा-भिल्लांच्या घरातील बायकांच्या हातची. मालकाचे स्वतःचे म्हणावे असे त्यात दोनच जिन्नस : कुंपण आणि दरपत्रक. समाजाच्या सामाईक ठेव्याला कुंपण घालून तिकीट लावण्याच्या या कलेलाच ‘ब्रँड’ असे भारदस्त नाव आहे.

शासनाने 2020 साली आतिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला. 1 एप्रिल 2021 पासून वीज, पाणी आणि करांत औद्योगिक दराची सवलत देण्याचे ठरले. मालक उद्योजक ठरला. पण वाढपी, सफाई कामगार, आचारी यांच्या पदरात काय पडले? या धंद्यात काम हंगामी, पगार तोंडी आणि हजेरीपत्रक बहुधा नसतेच. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तर दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे सोडले. वास्तविक पाहुणा पुन्हा येतो तो ओळखीचा चेहरा आणि स्वच्छ खोली पाहून. दर हंगामाला माणसे बदलणाऱ्या मालकाने जाहिरातीवर कितीही पैसा ओतला, तरी असे आतिथ्य त्याला विकत मिळणार नाही. कामगाराची स्थिर नोकरी आणि रास्त वेतन हाच व्यवस्थापनाचा पाया होय.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तेथे पोहण्याचा तलाव ही सोय नसून शेजाऱ्याच्या हंड्यावरील अतिक्रमण आहे. याच बागलाणात मोसम नदीवर शतकानुशतके फड पद्धती चालत आली. बंधारा सर्वांचा, पाट दुरुस्तीचे श्रम सर्वांचे आणि पाणी पाळीने. पाटकरी, बारेकरी, जागल्या यांची कामे ठरलेली. व्यवस्थापनशास्त्राचा हा धडा ज्यांच्या घरचा, त्यांना शहरातून सल्लागार आणण्याचे कारण काय?

सामुदायिक मालकीने हॉटेल चालत नाही, असा आक्षेप येईल. त्याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने रस्त्यावर आलेल्या कामगारांनी 1957-58 मध्ये सहकारी संस्था उभारून तीच चालवून दाखवली. इंडियन कॉफी हाऊस आजही उठून दिसते, ते कामगारांच्या मालकीमुळे. महाराष्ट्रात सहकाराची पुढाऱ्यांनी वतने केली हे खरेच. म्हणूनच हिशेब ग्रामसभेपुढे उघडा ठेवण्याची अट पहिल्या दिवसापासून हवी.

बागलाणचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत आणि आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही. ही कलमे कागदावर राहिली, तर पायथ्याचा शेतकरी आपल्याच शेतात पहारेकरी म्हणून उभा राहील. कार्यकर्त्यांनी गावोगाव ग्रामसभा जाग्या कराव्यात, गावातील तरुण आणि बचत गटांच्या निवास-भोजन संस्था नोंदवाव्यात, आणि शासनाच्या सवलती रास्त वेतन व पाण्याच्या हिशेबाशी बांधण्याची मागणी लावून धरावी.

1870 च्या सुमाराच्या दुष्काळात भुकेल्यांसाठी सरकारी खजिना मोकळा करणाऱ्या यशवंतराव महाराजांना सटाण्याने देवमामलेदार म्हणून देव्हाऱ्यात बसवले. त्या सटाण्यात आतिथ्याची कसोटी मालकाच्या गल्ल्यावर लागता कामा नये.